कुत्र्यांच्या केंद्रातील एक महिना : पिसाळण्याच्या रोगाविषयी शेतकरी कुटुंबांसाठी थोडी माहिती

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. शिरगावात आमच्या वाड्यावर एका शेतकऱ्याची दुभती गाय अचानक खाईनाशी झाली. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, आवाज घोगरा झाला होता आणि ती सारखी हंबरत होती. फणसाचे दिवस होते. घशात आठळी अडकली असणार, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. दोघांनी गाईची शिंगे धरली, तिसऱ्याने कोपरापर्यंत हात तिच्या घशात घालून चाचपून पाहिले. काही सापडले नाही. मग दुसऱ्याने हात घातला. संध्याकाळी गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी गाईला हातही न लावता पहिला प्रश्न केला, "महिन्या-दोन महिन्यांत हिला कुत्रे चावले होते काय?" घरच्या म्हातारीला आठवले. काजूच्या मोसमात एक अनोळखी कुत्रे गोठ्यात शिरले होते आणि गाईच्या नाकावर ओरखडा उमटला होता. दुसऱ्या दिवशी गाय मागच्या पायांनी लुळी पडली, तिसऱ्या दिवशी मेली. ज्यांनी ज्यांनी तिच्या तोंडात हात घातला होता त्या सर्वांना डिचोलीला नेऊन टोचण्या द्याव्या लागल्या. एकाच्या बोटाला कोयत्याची ताजी जखम होती. त्याच्या बायकोच्या तोंडचे पाणी त्या महिन्यात पळाले होते, ते मला आजही आठवते.

ही गोष्ट मनात राहिली होती. म्हणून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्याच्या सुटीत, निराधार व आजारी कुत्र्यांना ठेवून घेणाऱ्या बारदेशातील एका केंद्रात बिनपगारी मदतनीस म्हणून जायचे मी ठरवले. घरी ते कोणालाच पसंत पडले नाही. आजी म्हणाली, "घरच्या गोठ्यातले शेण काढायला तुला कंटाळा, आणि परक्या कुत्र्यांची घाण काढायला बस धरून जातेस?" तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

गोव्यात अशी कामे नवी नाहीत. आसगावला इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यू या संस्थेचे केंद्र १९९८ पासून आहे. त्याच गावात जगभरातील पशुवैद्यक विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचे शिक्षण देणारे एक प्रशिक्षण केंद्रही आहे. दक्षिणेत कुडचडे येथे आणखी एक आश्रयस्थान चालते. मी मात्र अस्नोड्याहून म्हापशाची बस व पुढे दुसरी बस धरून जिथे पोचत असे ते केंद्र लहानसे होते.

पहिल्याच दिवशी मला परत पाठवण्यात आले. कारण माझ्या टोचण्या झालेल्या नव्हत्या. कुत्र्यांमध्ये काम करणाऱ्याने चावा बसण्यापूर्वीच प्रतिबंधक लस घ्यायची असते. पहिली आज, दुसरी सातव्या दिवशी व तिसरी २१ व्या किंवा २८ व्या दिवशी. त्या पुऱ्या होईपर्यंत मला फक्त स्वयंपाकघरात भात व कोंबडीचे पाय शिजवायचे, ताटल्या धुवायच्या आणि वही लिहायची एवढेच काम मिळाले. तेव्हा राग आला होता. पुढे त्या वहीनेच मला सर्वांत जास्त शिकवले.

वहीत प्रत्येक आलेल्या प्राण्याची नोंद असे : कोठून आला, कोणी आणला, काय झाले आहे. एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत जास्त नोंदी कशाच्या असतील? वाहनाखाली सापडलेल्या कुत्र्यांच्या असतील असे मला वाटले होते. तशा होत्याच, पण त्यांच्याहून जास्त नोंदी खोक्यात घालून फाटकाशी सोडलेल्या पिल्लांच्या होत्या. आणि त्यांतही माद्या अधिक. घरोघर नर पिल्लू ठेवून घेतात आणि मादी नको म्हणून बाजाराच्या आवारात, चर्चच्या मागे किंवा मासळी मार्केटाजवळ सोडून देतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि ती साधारणतः वर्षातून दोनदा विते. सोडलेली मादी आठ-दहा महिन्यांची झाली की स्वतःच विते. म्हणजे ज्या भटक्या कुत्र्यांविरुद्ध आपण पंचायतीत अर्ज करतो, त्यांतील कित्येकांच्या आया आपणच खोक्यात घालून सोडलेल्या असतात.

महिनाअखेरीस माझी तिसरी टोचणी झाली आणि मला पिंजऱ्यांकडे जाऊ दिले. तेथून पुढे खरा महिना सुरू झाला. सकाळी सात वाजता मलमूत्र काढणे, मग फरशी धुणे. येथे एक उपयोगी गोष्ट कळली. पिल्लांना रक्ताची हगवण लागते तो पार्व्होचा रोग आपल्या फिनाईलला दाद देत नाही. त्याचे विषाणू मातीत कित्येक महिने, कधी वर्षभर टिकून राहतात. फरशीला कपडे पांढरे करण्याचे ब्लीच पाण्यात मिसळून लावावे लागते आणि दहा मिनिटे तसेच राहू द्यावे लागते. ज्या घरी असे एक पिल्लू मेले, त्या घरी लस न टोचलेले दुसरे पिल्लू लगेच आणले तर तेही बहुधा त्याच वाटेने जाते. लोक म्हणतात, "आमच्या घराला कुत्रे लाभत नाही." घराचा दोष नसतो, अंगणातील मातीत रोग राहिलेला असतो.

जखमांबद्दलही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याकडे कुत्र्याच्या जखमेत किडे पडले की रॉकेल, पेट्रोल नाही तर फिनाईल ओततात. किडे मरतात हे खरे, पण जिवंत मांसही जळते आणि कुत्रे ते चाटते. केंद्रात चिमट्याने एकेक किडा काढीत. एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानातून किडे काढायला आम्हांला सव्वा तास लागला. नंतर डॉक्टर वजन पाहून औषध देत. लूत लागलेल्या कुत्र्याला मोटारीचे जळके तेल फासण्याची रीतही सर्रास आहे. तेलाने माखलेली अशी तीन कुत्री मी त्या महिन्यात पाहिली. त्यांतले एक यकृत बिघडून मेले. लुतीवर आता गोळी निघाली आहे, ती फार महागही नाही, आणि केस पुन्हा येतात. गुरांच्या किंवा भाजीच्या गोचिडांसाठी आणलेले फवारणीचे औषध कुत्र्याच्या अंगावर ओतणे तर थेट विषबाधाच होय.

आता मूळ विषयाकडे येते.

केंद्राच्या मागच्या बाजूला, काजूच्या झाडाखाली, कुलूप लावलेले दोन वेगळे पिंजरे होते. पिसाळल्याचा संशय असलेले कुत्रे तेथे ठेवीत. आम्हा मदतनिसांना दहा हात दूर उभे राहण्याचीच परवानगी होती. मला वाटे, पिसाळलेले कुत्रे म्हणजे डोळे लाल, दात विचकलेले, अंगावर धावून येणारे. असेही असते. पण मी पाहिलेले एकमेव कुत्रे तसे नव्हते. ते कोपऱ्यात गप्प बसले होते. त्याचा खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, आणि पाण्याच्या ताटलीकडे पाहून ते नुसतेच तोंड हलवीत होते. मला त्याची दया आली. "घशात हाड अडकलेले दिसते," असे मी म्हणाले आणि म्हणतानाच मला आमच्या वाड्यावरची गाय आठवली. रोगाची ही मुकी तऱ्हा होय. तीच अधिक फसवी, कारण दयाळू माणूसच तिला बळी पडतो. दुसऱ्या दिवशी ते कुत्रे मेले, मेंदूचा नमुना तपासला गेला आणि रोग निश्चित झाला.

मराठीत या रोगाला जुनी माणसे अलर्क किंवा जलसंत्रास म्हणतात. रोगाचे विषाणू आजारी जनावराच्या लाळेत असतात. चाव्यातून, नखांच्या ओरखड्यातून किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यांत वा तोंडात लाळ गेल्याने ते शरीरात शिरतात. रक्तातून ते फिरत नाहीत, तर मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे चालू लागतात. या वाटचालीला बहुधा दोन ते तीन महिने लागतात. क्वचित आठवडा, क्वचित वर्षही. चावा डोके, मान, चेहरा किंवा बोटे येथे असला तर वेळ कमी लागतो. म्हणून मुलांना धोका जास्त : त्यांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. विषाणू मेंदूत पोचला आणि लक्षणे दिसू लागली, की मग जवळजवळ कोणीही वाचत नाही. मुंबईच्या मोठ्यातल्या मोठ्या इस्पितळात नेले तरीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने दगावतात आणि माणसाला हा रोग होतो त्यांपैकी ९९ टक्के वेळा तो कुत्र्याकडूनच आलेला असतो.

पण याच हळू चालीत आपला बचावही आहे. विषाणू वाटेत आहे तोवर लस त्याच्या आधी पोचू शकते. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला चाव्यानंतर प्रथम टोचण्या दिल्या, त्या याच आधारावर, आणि तो मुलगा वाचला. आपल्या वडिलधाऱ्यांना पोटातील चौदा टोचण्यांची धास्ती आहे. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून तयार करीत आणि तिचा त्रासही होई. आपल्या देशात ती सुमारे वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता टोचण्या दंडात देतात आणि त्या चार किंवा पाच असतात : पहिल्या दिवशी, मग ३ऱ्या, ७ व्या व २८ व्या दिवशी कातडीत. किंवा स्नायूत द्यायच्या असल्यास १४ व्या दिवशी आणखी एक. पथ्य कसलेही नाही. मासळी खावी, शेतात जावे. गरोदर बाईनेही घ्यावी, अंगावर पाजणारीनेही घ्यावी.

चावा बसल्यावर पहिले काम मात्र डॉक्टरचे नव्हे, आपले. वाहत्या पाण्याखाली, साधा कपडे धुण्याचा साबण लावून, जखम पंधरा मिनिटे धुवायची. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ पाहून पंधरा. मी एकदा स्वतः धुऊन पाहिले, पाच मिनिटांतच कंटाळा येतो आणि पुष्कळ झाले असे वाटते. साबणाने विषाणूचे वरचे कवच फुटते आणि तो तेथेच निकामी होतो, म्हणून हे धुणे अर्धे औषध होय. नंतर आयोडिनसारखे जंतुनाशक लावावे. चुना, हळद, मिरची पूड, कॉफी, तंबाखू यांपैकी काहीही भरू नये. त्याने विषाणू मरत नाही, उलट चोळताना आत ढकलला जातो. जखम घट्ट बांधू नये, टाकेही होता होईतो लगेच घालू नयेत. रक्त आले असेल, म्हणजे कातडी फाटली असेल, तर लसीबरोबर सीरमही लागते. ते जखमेत व तिच्या भोवती टोचतात. लसीचा परिणाम व्हायला काही दिवस लागतात, तेवढे दिवस हे सीरम दारावर पहारा करते. पहिल्या दिवशी मिळाले नाही तर पहिल्या टोचणीपासून सात दिवसांच्या आत ते घेता येते.

"लहानसे पिल्लू होते, खरचटले फक्त," हे वाक्य मी महिनाभर फोनवर ऐकत होते. आणि एका रविवारी ते माझ्या स्वतःच्या माणसांकडून ऐकायची वेळ आली.

माझी मावशी पेडण्याकडे राहते. मी जेवायला गेले होते. तिचा धाकटा, वय वर्षे आठ, उदास बसलेला. मावशी म्हणाली, "अगं, रस्त्यावरून पिल्लू आणले होते त्याने, परवा मेले ते. तेव्हापासून जेवत नाही." मी विचारले, पिल्लू कशाने मेले? ठाऊक नाही, दोन दिवस काही खाल्ले नाही, किंचाळत होते, मग मेले. मी मुलाला मागील अंगणात नेले आणि विचारले, "बाब, तुला चावले होते काय रे?" तो नाही म्हणाला. मी त्याचे हात पाहिले. उजव्या हाताच्या करंगळीला दोन बारीक टोचल्याच्या खुणा होत्या, जवळजवळ बुजलेल्या. मग तो रडू लागला. आई मारील आणि पिल्लू बाहेर टाकील म्हणून त्याने सांगितले नव्हते.

चार दिवस उलटून गेले होते. आजी तेथेच होती, ती म्हणाली जखम भरली आहे, आता कशाला पोराला सुईने छळता, थोडा चुना लावा. मावसा काजूच्या भट्टीवर गेलेले. मी केंद्रात फोन केला. तेथील डॉक्टरीणबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या : उशीर झाला असला तरी धुवा, आणि आजच्या आज न्या. पिल्लू पुरून दोन दिवस झाले होते आणि उन्हाळा कडक होता, मेंदू तपासण्याजोगा राहिलेला नसणार. म्हणजे ते पिसाळलेले होते की नाही हे आम्हांला कधीच कळणार नव्हते. अशा वेळी ते पिसाळलेलेच होते असे धरून चालायचे. आम्ही पहिल्या ठिकाणी गेलो तेथे लस होती, सीरम नव्हते. पहिली टोचणी तेथे घेतली, चिठ्ठी घेतली, आणि दुसऱ्या बसने दुसऱ्या इस्पितळात गेलो. सीरम करंगळीत टोचताना चौघांना त्याला धरावे लागले. बोट एवढेसे, आणि औषध त्यातच घालायचे. मावशीने तोंड फिरवले होते. मी मात्र पाहत राहिले, कारण महिनाभर कुत्र्यांना टोचताना मीच त्यांना धरत होते आणि आपल्याला आता काही वाटत नाही अशी माझी समजूत झाली होती.

मुलगा बरा आहे. उरलेल्या टोचण्यांच्या तारखा मावशीने कॅलेंडरवर तांबड्या पेनने लिहून ठेवल्या आणि एकही चुकवली नाही. आमच्या सर्व घराण्यात मुलांना एक गोष्ट नव्याने सांगितली जाते : कुत्रे, मांजर, माकड काहीही चावले तर सांग, तुला कोणी ओरडणार नाही. ती खरीच पाळली पाहिजे. ओरडलो तर पुढच्या वेळी पोर सांगणार नाही.

एक प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. कुत्रे घरचे असेल, चांगले दिसत असेल, तर? लस लगेच सुरू करावी आणि कुत्र्याला बांधून दहा दिवस पाहावे. त्याला मारू नये. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असता तर दहा दिवसांत ते आजारी पडून मेलेच असते. अकराव्या दिवशी ते धडधाकट असेल तर चाव्यातून रोग आलेला नाही, आणि पुढील टोचण्यांचे काय ते डॉक्टर सांगतील. पण कुत्रे पाहण्यासाठी दहा दिवस थांबून मग लस, असा उलटा क्रम कधीही करू नये.

गोठ्याविषयीही थोडे. गाय, म्हैस, बकरी किंवा डुक्कर यांना कुत्रे चावले तर जखम तशीच साबणाने धुवावी, हातात प्लॅस्टिकची पिशवी किंवा मोजे घालून, आणि गुरांच्या डॉक्टरांना लगेच कळवावे. चाव्यानंतर जनावरांनाही लस देतात. जनावर लाळ गाळीत असेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल किंवा विनाकारण कुंथत असेल, तर तोंडात हात घालायचा नाही. आठळी, आंब्याची कोय, नारळाची करवंटी खरोखरच अडकलेली असू शकते हे मला मान्य आहे. तरी आधी डॉक्टर, मग हात. अशा गाईचे दूध वापरू नये. उकळलेल्या दुधाने रोग होत नाही, तेव्हा आधी प्यायलेल्या उकळलेल्या दुधाबद्दल घाबरण्याचे कारण नाही. कच्चे प्यायले असेल तर डॉक्टरांना सांगावे. मेलेले जनावर सोलू नये, कोणाला मांस देऊ नये, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. आणि फेस्ताला बकरे कापतो तेव्हा त्याची कच्ची आतडी-काळीज कुत्र्यांना टाकण्याची सवय सोडावी. त्यातून कुत्र्यांच्या पोटात एक बारीक जंत वाढतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात. हा रोग वेगळा, पण वाट तीच.

गोव्याने या बाबतीत केलेले काम आपल्याला अभिमान वाटण्यासारखे आहे. मिशन रेबीज ही मोहीम आपल्या देशात २०१३ साली सुरू झाली आणि सरकारच्या पशुसंवर्धन खात्याबरोबर तिने गोव्यात वाड्यावाड्यांवर कुत्र्यांना लस टोचली. मोठी जाळी घेतलेली मुले गल्लीत धावताना आणि कपाळावर रंगाचा पट्टा मारलेली कुत्री आपण पाहिली असतील. तो रंग म्हणजे या कुत्र्याला टोचले आहे अशी खूण. वर्षाला ९५ हजारांवर कुत्री आणि शाळांतील दीड लाख मुले, एवढा त्यांचा पल्ला होता. गावातील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय लेखात या कामाचा २०१३ ते २०१९ पर्यंतचा आढावा आहे : कुत्र्यांतील रोगाचे महिन्याचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. नियंत्रित म्हणजे संपलेला नव्हे. पेडणे आणि डिचोली हे सीमेवरचे तालुके आहेत, आणि दोडामार्गाच्या नाक्यावर कुत्र्यांना कोणी थांबवीत नाही.

कुत्र्यांना पकडून, नसबंदी करून, लस टोचून पुन्हा त्याच जागी का सोडतात, याचा राग मला ठाऊक आहे. ज्याच्या दहा कोंबड्या एका रात्रीत गेल्या त्याला हे पटवणे कठीण, आणि त्याचे दुःख खोटे नाही. कारण असे : एक टोळी उचलून नेली तर महिन्याभरात तेथील उकिरड्यावर दुसरी येते, जिला कोणी टोचलेले नसते. टोचलेली, कानाला खाच पाडलेली कुत्री परक्यांना आत येऊ देत नाहीत. कायदाही असाच आहे. २००१ चे नियम बदलून २०२३ साली नवे आले, त्यांत हे काम पंचायती व नगरपालिकांवर सोपवलेले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्री कायमची कोंडून ठेवण्याचा आपला पहिला हुकूम सुधारला तेव्हा पिसाळलेली व आक्रमक कुत्री सोडून इतरांना लस-नसबंदीनंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. विष घालणे हा गुन्हा आहे, आणि ते विष मग गोठ्याजवळच्या मांजराच्या व घारींच्याही पोटात जाते. तेव्हा पंचायतीत अर्ज करायचाच तर तो कुत्री हटवण्याचा न करता नसबंदीच्या शिबिराचा आणि कोंबडीच्या दुकानांची घाण रस्त्याकडेला टाकणे बंद करण्याचा करावा, असे माझे मत आहे. उकिरडा आहे तोवर कुत्री आहेत.

संत रॉक यांच्या मूर्तीपाशी तोंडात पाव धरलेले कुत्रे असते. त्यांचा सण १६ ऑगस्टला येतो. आजारी पडून रानात राहिलेल्या संताला त्या कुत्र्याने भाकर आणून दिली आणि त्याच्या जखमा चाटल्या, अशी कथा आहे. मी ही गोष्ट केंद्रात सांगितली तेव्हा डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "कुत्र्याला टोचलेले होते काय, एवढे विचारून घ्या." चेष्टा सोडली तरी मुद्दा खरा आहे. धड कातडीवर कुत्र्याने चाटले तर धुणे पुरे, पण उघड्या जखमेवर चाटले तर तो चाव्याइतकाच गंभीर प्रकार मानतात.

राखणीचे कुत्रे कुळागरात हवेच, माकडांसाठी, रानडुकरांसाठी. त्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दर वर्षी एक. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. माणसांची लस सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट मिळते.

मी निघाले त्या दिवशी त्या मागच्या पिंजऱ्याला नवे कुलूप लावलेले होते आणि आत कोणी नव्हते. वहीत शेवटची नोंद मीच केली : अस्नोडा बाजार, खोक्यात पाच पिल्ले, चार माद्या. त्यांतली एक काळी मादी आता आमच्या गोठ्यात बांधलेली असते. आजी तिला रोज शिव्या देते आणि रोज भात घालते.